युरोपात भाड्याच्या गाडीने फिरताना पेट्रोलचा खर्च कसा आवरायचा?

करवीरकन्या
१४ एप्रिल २०२४, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, दहावीची परीक्षा दिलेली लेक आणि सासूबाई, अकरा दिवसांसाठी निघतोय. म्युनिक विमानतळावर गाडी घ्यायची आणि तिथंच परत द्यायची. वाट अशी ठरवली आहे: साल्झबर्ग, इन्सब्रुक, ब्रेनर खिंड ओलांडून इटलीत बोल्झानो आणि डोलोमाइट्सचे डोंगर, मग मेरानोवरून स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्यात, आणि लांडेकवरून परत म्युनिक. इकडचं तिकडचं फिरणं धरून साधारण १६०० किलोमीटर होतील.

तिकिटं, खोल्या, गाडीचं भाडं सगळं ठरलंय. राहिलंय पेट्रोल. तिकडचा दर लिटरला पावणेदोन युरोच्या आसपास, म्हणजे आपले दीडशेच्या वर. गाडीने पंधराचं अॅव्हरेज दिलं तरी १०७ लिटर, साधारण सतरा हजार रुपये. नवरा म्हणतो एवढ्या खर्चात हे काय मोजत बसायचं. पण सासूबाईंची पेन्शनही यात आहे, आणि त्यांनी आयुष्यभर पैन् पै मोजून संसार केलाय. त्यांनी एकच विचारलं, "बेळगावला जाताना आपण निपाणीजवळ टाकी भरतो, तसं तिथं करता येत नाही का?"

मला या प्रश्नाचं नीट उत्तर हवं आहे. कुठल्या देशात भरायचं, कधी भरायचं, कशावर पैसे जातात? ज्यांनी स्वतः गाडी चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


घाटवाट
१४ एप्रिल, रात्री १०.२५

सासूबाईंचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. पण निपाणीचा हिशोब आपण अर्धाच सांगतो, तो आधी पुरा करू.

कोगनोळीला कर्नाटकची हद्द ओलांडली की पेट्रोल स्वस्त, लिटरमागं चार रुपयांचा फरक धरा. ४० लिटर भरले तर १६० रुपये वाचले. आता कोल्हापूरहून फक्त पेट्रोल भरायला गेलात तर जाऊन-येऊन ८० किलोमीटर, पाच लिटर जळालं, पाचशे रुपये गेले. म्हणजे बेळगावला निघालाच असाल तर निपाणी फायद्याची, नाहीतर तोट्याची. माझ्या ओळखीत असे लोक आहेत जे खास भरायला जातात आणि वाचवलं म्हणून सांगतात.

तुमच्या वाटेवर चार देश आहेत. त्यात ऑस्ट्रिया साधारण स्वस्त, जर्मनी आणि इटली त्याहून महाग, स्वित्झर्लंडही महागच. सीमेजवळचे जर्मन लोक ऑस्ट्रियात जाऊन टाकी भरतात, अगदी आपल्या कागलकरांसारखे. तेव्हा पहिली गोष्ट, म्युनिकहून निघताना गाडी भरलेली मिळेल, ती साल्झबर्गपर्यंत आरामात जाते. जर्मनीत भरूच नका. ब्रेनर चढण्याआधी इन्सब्रुकला पुन्हा काठोकाठ भरा, मग इटलीत शिरा.


इसारकाठ
१५ एप्रिल, पहाटे २.१०

मूळचा कोल्हापूरचा, नऊ वर्षं म्युनिकमध्ये आहे. घाटवाट यांनी बरोबर सांगितलंय, त्यात वेळेचा मुद्दा घालतो, कारण इथं देशापेक्षाही वेळ कधी कधी जास्त महत्त्वाची ठरते.

ऑस्ट्रियात २०११ पासून नियम आहे: पंपवाल्याला दर दिवसातून एकदाच वाढवता येतो, आणि तोही दुपारी बारा वाजता. कमी मात्र केव्हाही करता येतो. त्यामुळे बाराला दर उडी मारतो आणि मग दुसऱ्या दिवशीच्या बारापर्यंत हळूहळू उतरत जातो. अकराच्या सुमाराला भरलंत तर चांगला दर, सव्वाबाराला भरलंत तर तोच पंप महाग. नाश्ता करून निघायचं आणि बाराच्या आत टाकी भरायची, एवढं डोक्यात ठेवा. तिथल्या ऊर्जा नियामकाचं, ई-कंट्रोलचं, दर दाखवणारं संकेतस्थळ आहे. ते जवळच्या सगळ्यात स्वस्त पाच पंपांचेच दर दाखवतं, त्यामुळे शोधत बसावं लागत नाही.

जर्मनीत असं बंधन नाही. इथं एकाच पंपावर दिवसातून कितीतरी वेळा दर बदलतो. सकाळी सातच्या सुमाराला, लोक कामाला निघतात तेव्हा, सगळ्यात महाग. संध्याकाळी सहा ते दहाच्या मध्ये स्वस्त. २०१३ पासून प्रत्येक पंपाला प्रत्येक बदल सरकारी यंत्रणेला लगेच कळवावा लागतो, आणि तीच माहिती मोबाइलवरच्या अॅपमध्ये दिसते. म्हणून इथला माणूस पंपावर जाण्याआधी फोन बघतो.

आणि ऑटोबानवरच्या, म्हणजे इथल्या हायवेवरच्या, पंपावर चुकूनही भरू नका, अगदी अडलं तरच. गावातल्या पंपापेक्षा लिटरला चाळीस सेंटच्या आसपास जास्त पडतात. ४० लिटरला १६ युरो, म्हणजे १४०० रुपये नुसते थांबण्याच्या सोयीचे! एक्झिट घेऊन किलोमीटरभर आत गेलं की 'ऑटोहोफ' असतात, ते बरे. सुपरमार्केटच्या आवारातले पंप त्याहून बरे.


पासबुक
१५ एप्रिल, सकाळी ७.५५

बँकेत तीस वर्षं काढली, म्हणून पैसे देण्याबद्दल लिहिते.

तुम्ही दहा सेंट स्वस्त पंप शोधाल आणि कार्डावर तेवढेच घालवाल. आपल्याकडच्या बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चाला २ ते ३.५ टक्के आकार लागतो, वर त्यावर जीएसटी. पावणेदोन युरोच्या लिटरवर साडेतीन टक्के म्हणजे सहा सेंट. हा आकार नसलेलं किंवा कमी असलेलं कार्ड असेल तर तेच न्या. आणि यंत्राने विचारलं, "रुपयांत घेऊ की युरोत?" तर न चुकता युरो. रुपये निवडले की दर यंत्रवाल्याच्या मर्जीचा.

दुसरं, माणूस नसलेल्या पंपावर कार्ड घातलं की आधी १००-१५० युरो अडकवून ठेवतात, मग तुम्ही भरलेली रक्कम वळती होते. उरलेले सुटायला काही दिवस लागू शकतात. फॉरेक्स कार्डात मोजकेच पैसे ठेवले असतील तर संध्याकाळी जेवणाचं बिल द्यायला कार्ड चालत नाही. माझ्या भाचीवर हा प्रसंग आला, लहान मूल सोबत होतं, तिला रडू फुटलं. शक्यतो माणूस असलेला पंप निवडा, आत जाऊन पैसे द्या.


जुनी शाहूपुरी
१५ एप्रिल, सकाळी ९.३०

वर सगळं पंपाबद्दल झालं. मला खरा फटका गाडी परत देताना बसला, ते सांगतो.

आम्ही २०१९ मध्ये गेलो तेव्हा करारात पूर्ण भरलेली गाडी घ्यायची, पूर्ण भरून द्यायची असं होतं. आम्ही आदल्या रात्री हॉटेलजवळ भरली, सकाळी ७० किलोमीटर चालवून विमानतळावर दिली. काटा फुल्लवरच होता. महिन्यानं कार्डावर रक्कम वजा झाली: कमी पडलेलं पेट्रोल त्यांच्या दराने, जो बाजारापेक्षा कितीतरी जास्त होता, आणि वर भरण्याची मजुरी वेगळी. पावती मागितली तर आमच्याकडं आदल्या रात्रीची, सत्तर किलोमीटर मागची. काय बोलणार? आजही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण ते पैसे वाचवणं पूर्ण आमच्या हातात होतं.

तेव्हा ताई, करारात 'फुल टू फुल' आहे ना ते आज बघा. 'आधीच टाकीचे पैसे द्या, रिकामी परत करा' असं असेल तर बदलून घ्या, रिकामी कोणालाच करता येत नाही, चार-पाच लिटर त्यांना फुकट जातात. गाडी ताब्यात घेताना काटा आणि किलोमीटर दोन्हींचा फोटो. परत देताना विमानतळाच्या अगदी जवळ भरा आणि पावती जपा.


इसारकाठ
१५ एप्रिल, दुपारी १.०५

शाहूपुरीकरांना दुजोरा. म्युनिक विमानतळाच्या आवारात भरू नका, हाल्बर्गमोस, फ्रायझिंग किंवा एर्डिंग या शेजारच्या गावांत भरा. दहा-पंधरा किलोमीटरच्या आतच आहेत. विमान सकाळचं असेल तर आदल्या संध्याकाळी तिथं भरून गाडी रात्रीच देता येते का तेही विचारा.


उद्यमनगर
१५ एप्रिल, रात्री ८.२०

ताई, माझं गॅरेज हाय, रोज गाड्यांचंच बघतो. दोन गोष्टी सांगतो, मनावर घ्या.

पहिली वेगाची. तिकडं ऑटोबानवर लई ठिकाणी मर्यादा न्हाई म्हणून माणसं दाबून हाणतात. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ११० वरनं १३० वर गेलासा तर अडथळा चाळीस टक्क्यांनी वाढला, करून बघा: १३० चा वर्ग भागिले ११० चा वर्ग. सगळं पेट्रोल काय हवेतच जात न्हाई, टायर हाय, इंजिन हाय, पण अॅव्हरेज पंधरावरनं बाराच्या आसपास येतंय ते ह्यामुळंच. हायवेवर १०५-११० ला क्रूझ लावून उजव्या लेनमधनं जावा. वरनं चार माणसं आन् बॅगा. डिकीत मावंल तेवढंच न्या, टपावर पेटी बांधू नका, ती लई खाती. पहिल्या दिवशी टायरची हवा बघा, भरल्या गाडीचा आकडा दाराच्या चौकटीवर न्हाईतर पेट्रोलच्या झाकणात लिवलेला असतोय.

दुसरी उताराची. आपल्याकडं गगनबावड्याच्या घाटात गाडी न्यूट्रल करून सोडणारी माणसं मी रोज बघतो. काळजात चर्र होतं. ह्यात पेट्रोल वाचतच न्हाई! गिअरमधी ठेवून पाय काढला तर आताच्या इंजिनात पेट्रोलचा पुरवठा बंदच होतोय, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमधी मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतंच. वर ब्रेक तापून धरायचं बंद होतात ते वेगळंच. ब्रेनर उतरताना, डोलोमाइट्समधी, गाडी ऑटोमॅटिक असली तरी खालच्या गिअरला टाकून उतरा. सासूबाई मागं बसल्यात.


घाटवाट
१५ एप्रिल, रात्री ९.१५

उद्यमनगर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. इन्सब्रुकच्या परिसरात इन खोऱ्यातल्या हायवेवर हवेच्या प्रदूषणामुळे १०० चीच मर्यादा लावलेली असते, म्हणजे तिथं तसंही हळूच जायचंय. दंड जबर आहेत.

आता करवीरकन्या ताईंच्या वाटेवरची खरी निपाणी. दोन आहेत, आणि दोन्ही नावं लोक सांगतात, म्हणून फरक लिहितो.

एक लिविन्यो. इटलीतलं डोंगरातलं गाव, तिथं व्हॅट आणि इंधनावरचा कर लागत नाही, पेट्रोल खूप स्वस्त. तुम्ही मेरानोवरून ओफेन खिंडीतून झेर्नेझकडं जाल तेव्हा वाटेत पुंट ला ड्रोसा इथं लिविन्योचा बोगदा फुटतो. साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा, एकेरी, आळीपाळीने गाड्या सोडतात, आणि टोल आहे. जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर, टोल दोन्ही वेळचा, थांबणं वेगळं. लिटरला ४५ सेंट वाचले असं धरा, ४० लिटरचे १८ युरो. टोल आणि जळालेलं पेट्रोल वजा केलं की हातात काही राहत नाही. गाव बघायचं असेल तर जरूर जा, पेट्रोलसाठी नको.

दुसरं सामनाउन. हे स्वित्झर्लंडचं. १८९२ पासून करमुक्त आहे, कारण त्या काळी गावाला गाडीरस्ता ऑस्ट्रियातूनच होता आणि स्वतःच्याच देशातून माल आणताना लोकांची अडचण व्हायची. पुढं स्वित्झर्लंडने आपला रस्ता बांधला, पण सवलत राहिली. एंगाडीनमधून लांडेककडं उतरताना विनाडीपाशी फाटा फुटतो, तिथून वर सामनाउन, आणि परत त्याच वाटेने यायची गरज नाही; स्पिसवरून ऑस्ट्रियाच्या बाजूला फुन्ड्सजवळ उतरता येतं. म्हणजे तुमच्या परतीच्या वाटेला एक छोटा वळसा, टोल नाही. ही तुमची निपाणी. गाडीच्या मूळ टाकीतलं पेट्रोल सीमेवरून न्यायला अडचण नसते. रस्ता अरुंद आहे, स्विस बाजूला बोगदे जुने आहेत, दिवसाउजेडी जा.


ऊसकरी
१६ एप्रिल, सकाळी ६.४०

जर्मनीत पंपावर 'सुपर' आणि 'सुपर ई-१०' अशा दोन नळ्या दिसतील. ई-१० म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, लिटरला पाच-सहा सेंट स्वस्त. भाड्याच्या नव्या गाड्यांना ते चालतं, झाकणाच्या आत खूण असते. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे साध्या सुपरपेक्षा दीड-दोन टक्के जास्त जळतं, तरी हिशोब ई-१० च्या बाजूने येतो. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल आपल्याच पेट्रोलमध्ये जातंय, तेव्हा कोल्हापूरच्या माणसानं ई-१० ला भ्यायचं कारण नाही.


उद्यमनगर
१६ एप्रिल, सकाळी ८.०५

नळीचं निघालं म्हणून सांगतो. माझ्या मेव्हण्याकडं इटलीत डिझेल गाडी होती. पंपावर 'डिझेल' शब्द शोधत राहिला, दिसला 'गासोलिओ'. त्याला वाटलं हे गॅसोलिन, म्हणजे पेट्रोल. म्हणून दुसरी नळी घातली, 'सेन्झा पिओंबो' लिवलेली. ते बिनशिशाचं पेट्रोल! डिझेलच्या टाकीत पेट्रोलची बारीक नळी सरळ जातीय. नशिबानं पैसे देताना पावतीवर कळलं, गाडी चालू केली न्हवती. टोइंग, टाकी उपसायचा खर्च, विम्यात बसलं न्हाई, एक दिवस गेला. सगळ्या सुट्टीत वाचवलेलं एका मिनिटात गेलं.

२०१८ पासनं युरोपात नळीवर खूण असती: गोलात ई-५ किंवा ई-१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी-७ म्हणजे डिझेल. शब्द वाचू नका, आकार बघा. रंगावर तर अजिबात जाऊ नका, देशागणिक बदलतोय.

आन् चुकून भरलंच तर चावी फिरवू नका.


जुनी शाहूपुरी
१६ एप्रिल, सकाळी ९.५०

इटलीत आणखी एक: पाटीवर दोन दर असतात, 'सेल्फ' आणि 'सेर्वितो'. माणसानं भरून दिलं तर महाग, आपण भरलं तर स्वस्त. गाडी सेर्वितोच्या रांगेत लागली की नाही म्हणायला जड जातं, म्हणून शिरतानाच पाटी बघा.


करवीरकन्या
१६ एप्रिल, रात्री १०.३०

सगळ्यांना हात जोडून नमस्कार. सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. त्यांनी वहीचं एक पान केलंय: ऑस्ट्रिया बाराच्या आत, हायवेवर नाही, सेल्फ, युरो, फोटो, पावती. उद्यमनगर दादा, "सासूबाई मागं बसल्यात" हे वाचून त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "कुणाचा रे हा पोरगा?"

करार बघितला, फुल टू फुल आहे. गाडी पेट्रोल. दुसऱ्या देशांत न्यायची परवानगी लेखी मागवली. नवऱ्याचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढून झाला, हजार रुपये फी, एक वर्ष चालतो. आता फक्त दहावीच्या निकालाची धाकधूक.


करवीरकन्या
२ जून २०२४, रात्री ९.००

परत आलो. खूप सुंदर झाली सहल. वचन दिल्याप्रमाणे हिशोब देते, सासूबाईंच्या वहीतून.

१६७४ किलोमीटर, १०१ लिटर. म्हणजे साडेसोळाचं अॅव्हरेज, चार माणसं आणि घाट असून. ११० च्या वर एकदाही गेलो नाही. सुरुवातीला नवऱ्याला जड गेलं, मागून गाड्या यायच्या. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः काटा बघून सांगितलं की यात अर्थ आहे.

चार वेळा भरलं. इन्सब्रुकला सकाळी सव्वाअकराला. आमच्यासमोर बारा वाजता पाटीवरचा आकडा बदलला, कारण आम्ही शेजारच्या दुकानात पाव घेत होतो. लेकीनं व्हिडिओ काढलाय. इटलीत एकदाच, वीस युरोचं, सेल्फला. मग सामनाउन. विनाडीपासूनचा रस्ता खरंच अरुंद, दोन ठिकाणी थांबून समोरच्याला वाट दिली, पण दर बघून सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. तिथून स्पिसवरून उतरलो. शेवटचं हाल्बर्गमोसला, संध्याकाळी सात वाजता, ई-१०. पावती अजून पाकिटात आहे. गाडी घेणाऱ्याने काटा बघितला, पावती बघितली, सही केली. आज तीन दिवस झाले, कार्डावर काही वजा नाही. महिनाभर लक्ष ठेवणार.

एक चूक आमची. ऑस्ट्रियाचा दहा दिवसांचा विनेट, म्हणजे हायवे वापरायचा पास, घेतला, साडेअकरा युरो. पण ब्रेनर हायवेला टोल वेगळाच द्यावा लागतो हे कळलं नव्हतं. जुना रस्ता शेजारूनच जातो, वेळ असता तर तो घेतला असता. स्वित्झर्लंडचा विनेट वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँक, तो मात्र घेतला नाही. आमच्या वाटेवर तिथला हायवे नव्हताच. निघण्याआधी वाट नीट बघा, हा खर्च सरळ वाचतो.


भडंग
३ जून, दुपारी १२.१५

अभिनंदन ताई! मी डिसेंबरात न्यूझीलंडला कॅम्पर घेतोय. तिथं डिझेल पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त दिसतंय पाटीवर. डिझेलचीच घेऊ ना?


घाटवाट
३ जून, रात्री ८.५०

थांबा, घाई नको. तिथं डिझेलच्या पंपावरच्या दरात रस्त्याचा कर नसतो, तो किलोमीटरवर वेगळा भरावा लागतो. हलक्या डिझेल गाडीला हजार किलोमीटरला ७६ डॉलर. भाड्याने देणारे तो गाडी परत घेताना तुमच्याकडून वसूल करतात. कॅम्परला हजार किलोमीटरला शंभर लिटर लागतात असं धरलं तर लिटरमागं ७६ सेंट वर चढवा आणि मग पेट्रोलशी तुलना करा. भाड्यात तो कर धरलाय की वेगळा, हे लेखी विचारून इथं टाका, एकत्र बसवू. आणि वानाकाला टाकी भरल्याशिवाय हास्टच्या वाटेला लागू नका, तो टापू आपल्या दाजीपूरच्या जंगलापेक्षा कितीतरी निर्जन आहे.


करवीरकन्या
३ जून, रात्री ९.४५

भडंग, वहीचं पान मी फोटो काढून पाठवते. सासूबाई म्हणतात, किलोमीटरचा रकाना आधी आखून घ्या, रोज रात्री झोपण्यापूर्वी भरा, दुसऱ्या दिवशीवर टाकलं की राहतं.